फोटोचा रोल पुन्हा बाजारात : जुन्याची ओढ आणि तिचा हिशेब

व्यापारात एक नियम सर्वसाधारणपणे मानला जातो. ज्या मालाची जागा स्वस्त आणि सोयीच्या मालाने घेतली, तो माल पुन्हा दुकानात भरू नये. टाइपरायटर गेले, पेजर गेले, भाड्याने व्हिडिओ कॅसेट देणारी दुकाने गेली. ती परत येतील या आशेवर कोणी भांडवल गुंतवले असते, तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. फोटोचा रोलही असाच गेला. पंचवीस वर्षांपूर्वी प्रत्येक गावात, प्रत्येक रेल्वे स्टेशनाबाहेर मिळणारी ही वस्तू नंतरच्या दहा-बारा वर्षांत दिसेनाशी झाली. स्टुडिओवाल्यांनी डार्करूम मोडून तेथे झेरॉक्सची मशीन बसवली.

परंतु २०२४ च्या जून महिन्यात जपानच्या रिको कंपनीने पेन्टॅक्स १७ या नावाचा अगदी नवा कॅमेरा बाजारात आणला. तो रोलवर चालतो. प्रत्येक फोटोनंतर रोल अंगठ्याने पुढे सरकवावा लागतो. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ५०० डॉलर ठेवण्यात आली. खिशात फोन असताना, ज्यात हजारो फोटो फुकट निघतात, हा कॅमेरा कोण घेतो आणि कशासाठी घेतो? हा प्रश्न केवळ छायाचित्रकारांचा नाही, तो व्यापाऱ्यांचाही आहे. आमचा धंदा कापडाचा असल्यामुळे आम्ही या प्रश्नाकडे त्याच नजरेने पाहतो. हातमागाचा माल, खादी, पैठणी, हिमरू यांच्याबाबत आपण जे पाहिले, तेच फोटोच्या रोलमध्ये पुन्हा दिसते. वाचकांनी आपापल्या धंद्याशी ते ताडून पाहावे, म्हणून हा प्रपंच.

बाजार कसा उठला?

अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात जॉर्ज ईस्टमन या गृहस्थाने १८८८ साली कोडॅक नावाचा कॅमेरा विकायला काढला. त्यात शंभर फोटोंचा रोल भरलेला असे. रोल संपला की कॅमेरा तसाच कंपनीकडे पाठवायचा. कंपनी फोटो धुऊन, छापून, नवा रोल भरून कॅमेरा परत करीत असे. ईस्टमनला व्यापाराचे एक मर्म कळले होते. कॅमेरा गिऱ्हाईक एकदाच घेतो, रोल मात्र पुन्हा पुन्हा घेतो. कॅमेरा स्वस्त विकावा आणि कमाई रोल, रसायन व कागदावर करावी, या हिशेबावर कोडॅकचा डोलारा शंभर वर्षे उभा राहिला. १९८८ च्या सुमारास या कंपनीत जवळपास १,४५,००० माणसे कामाला होती.

रोलशिवाय चालणारा कॅमेराही याच कंपनीत जन्मला. स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली तो तयार केला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक काळा-पांढरा फोटो कॅसेटच्या फितीवर उतरवायला २३ सेकंद लागत. कंपनीने त्याला फारसे पुढे आणले नाही. ज्याची रोजी रोलवर चालते, तो रोल मारणारी वस्तू कशाला विकेल?

२००० सालाच्या आसपास जगात रोलची विक्री शिखरावर होती. त्यानंतरची घसरण इतकी वेगाने झाली की, भल्याभल्यांना सावरता आले नाही. जर्मनीची आग्फाफोटो २००५ साली दिवाळखोरीत गेली. जपानच्या कोनिका मिनोल्टाने २००६ साली फोटोचा धंदा सोडत असल्याचे जाहीर केले. पोलरॉइडने २००८ साली आपली झटपट फिल्म बंद केली. जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला.

येथे आणखी एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या डिजिटल कॅमेऱ्याने रोलला बाजारातून उठवले, त्याचीही गत फारशी निराळी झाली नाही. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. त्यांना फोनने खाल्ले. रोलला मात्र याच काळात पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले.

रोल म्हणजे रंगाईचेच काम

रोल परत का आला हे समजण्यासाठी तो बनतो कसा, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. कापडवाल्यांना ते समजायला कठीण नाही.

रोलचा पाया म्हणजे एक पारदर्शक पट्टा. तो सेल्युलोजपासून, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून किंवा कापसापासून करतात. ज्या मूळ पदार्थापासून व्हिस्कोस रेयॉनचे सूत निघते, तोच हा पदार्थ होय. या पट्ट्यावर जिलेटिनमध्ये मिसळलेले चांदीच्या क्षारांचे अतिशय बारीक कण थरांच्या रूपाने चढवतात. हे काम काळ्याकुट्ट अंधारात करावे लागते. कापडाच्या पन्ह्यासारखा रुंद आणि शेकडो मीटर लांब पट्टा मशीनवरून जातो, त्यावर थर चढतात, मग तो लांबीत चिरून लहान रोल करतात. धुळीचा एक कण पडला, थराची जाडी किंचित चुकली, तर सगळा लॉट वाया. प्रत्येक लॉटला क्रमांक असतो. आपण जशी एका लॉटच्या शेडला दुसऱ्या लॉटची शेड जुळते की नाही हे पाहतो, तसे जाणकार फोटोवाले रोलचा लॉट पाहत.

उजेड पडला की चांदीच्या क्षारावर परिणाम होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. रोल रसायनात धुतल्यावर उजेड लागलेल्या ठिकाणी काळी चांदी तयार होते. न लागलेले क्षार हायपोने धुऊन काढतात. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवर आपण जे पाहतो ती खरीखुरी चांदी असते. रंगीत रोलची गोष्ट वेगळी आहे. त्यात निळा, हिरवा आणि लाल उजेड पकडणारे वेगवेगळे थर असतात आणि धुताना त्या थरांत रंग तयार होतात. मग चांदी पूर्णपणे काढून टाकतात. मागे राहतो तो केवळ रंग. म्हणजे रंगीत रोल धुणे ही रंगाईच होय. १९७२ पासून चालत आलेल्या पद्धतीत पहिल्या रसायनाचे तापमान ३७.८ अंश आणि वेळ सव्वातीन मिनिटे ठरलेली आहे. तापमान अर्धा अंश इकडे-तिकडे झाले की शेड बिघडते. कोणत्याही डाइंगवाल्याला हे वेगळे सांगायला नको.

हा संबंध केवळ उपमेपुरता नाही. आग्फा हे नाव ज्या जर्मन शब्दांवरून आले, त्यांचा अर्थ ॲनिलिन रंग बनविणारी कंपनी असा आहे. बर्लिनची ही कंपनी आधी कापडासाठी रंग करीत होती, फोटोचा धंदा तिने पुढे सुरू केला. कापडाचे रंग बनवणाऱ्यांच्या विद्येतूनच रंगीत फोटो निघाला.

गिऱ्हाईक नेमके काय विकत घेतो?

आज आपल्याकडे ३६ फोटोंचा रंगीत रोल हजार रुपयांच्या वर जातो. धुलाई व स्कॅनिंगचे काही शे रुपये निराळे. हिशेब केला तर एका फोटोला चाळीस-पन्नास रुपये पडतात. तेवढ्यासाठी फोनमध्ये एक पैसाही लागत नाही. तरी जो घेतो तो मूर्ख नसतो. त्याला जे हवे आहे ते चार गोष्टींत सांगता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे मर्यादा. ३६ फोटो म्हणजे ३६. आमच्या लग्नाच्या काळात फोटोग्राफरला किती रोल वापरायचे, हे आधी ठरवून दिले जाई. त्यामुळे तो माणसे गोळा करून, उभे करून, नीट पाहून बटन दाबीत असे. आज एका लग्नात हजारो फोटो निघतात आणि वर्षभरात कोणी ते उघडून पाहत नाही. वस्तू मोजकी असली की तिची कद्र होते. रोलची मर्यादा हीच आता त्याची किंमत झाली आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रतीक्षा. रोल संपेपर्यंत आणि धुऊन येईपर्यंत फोटो कसा आला ते कळत नाही. ज्या पिढीला सर्व काही बोटाच्या स्पर्शाने मिळते, तिला या वाट पाहण्याचे अप्रूप वाटते. आपल्या लहानपणी तो नाइलाज होता. आता ती मौज झाली आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे पोत. डिजिटल फोटोतील ठिपके एका मापाचे, ओळीत मांडलेले असतात. रोलमधील कण लहान-मोठे, कसेही विखुरलेले. कडक उन्हातला पांढरा सदरा किंवा दिव्याचा झोत निगेटिव्ह रोल हळुवारपणे झेलतो, डिजिटलमध्ये तो एकदम पांढरा फट्ट होतो. गिरणीचे सूत एकसारखे असते आणि हातसुतात मध्येच जाड-बारीक गाठ येते. गिरणीच्या दृष्टीने तो दोष, पण खादीच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तीच ओळख. फोटोचेही तसेच आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रोलमधून हाती धरता येणारी एक वस्तू निघते. त्या दिवशी त्या माणसाच्या अंगावरून परतलेला उजेड त्या निगेटिव्हवर खरोखर पडलेला असतो. ज्यांचे वडील किंवा आई आता हयात नाहीत, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. फोन हरवला, पासवर्ड विसरला, तर दहा वर्षांचे फोटो गेले अशी उदाहरणे आता घरोघरी आहेत. पत्र्याच्या पेटीतील निगेटिव्ह मात्र चाळीस वर्षांनीही छापता येते.

यातील गमतीची बाब अशी की, रोल घेणाऱ्यांत मोठा भरणा तरुणांचा आहे. त्यांनी रोलचा काळ पाहिलेलाच नाही, तेव्हा ही स्वतःच्या आठवणींची ओढ म्हणता येणार नाही. त्यांना ही चव आधी फोनने लावली. २०१० साली इन्स्टाग्राम सुरू झाले तेव्हा त्याचे मोठे आकर्षण म्हणजे फोटोला जुन्या रोलसारखा रंग देण्याची सोय. नकल पाहून अस्सलची भूक लागली, असे म्हणायला हरकत नाही. सुरतची छापील पैठणी पाहून कोणी येवल्याची वाट धरावी, तसे झाले.

ओढ गिऱ्हाईक आणते, माल आणत नाही

येथपर्यंत सगळे गोड आहे. परंतु व्यापाऱ्याने विचारण्याचा खरा प्रश्न यापुढे येतो. मागणी परत आली, पण माल कोठून आणायचा?

कोडॅकच्या दोन रंगीत फिल्मची उदाहरणे घ्या. कोडाक्रोम ही १९३५ पासूनची नामांकित फिल्म. ती २००९ साली बंद झाली. तिची धुलाई इतकी किचकट की, शेवटी ती करणारी जगात एकच लॅब उरली होती, अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील पार्सन्स या गावी. डिसेंबर २०१० अखेर तेथेही काम थांबवायचे ठरले, तेव्हा शेवटचे रोल घेऊन लोकांची झुंबड उडाली. त्या गर्दीचा उपयोग काय? रसायन संपले होते. कोडाक्रोम परत आली नाही.

दुसरी एक्टाक्रोम. ती २०१२ साली बंद झाली आणि २०१८ साली परत आली. असे का घडले? कारण तिच्या धुलाईची पद्धत इतर कंपन्यांच्या फिल्ममुळे जिवंत राहिली होती आणि रॉचेस्टरमध्ये थर चढवण्याचे मशीन चालू होते. तरीही काही कच्चा माल मिळेनासा झाल्यामुळे कृती नव्याने बसवावी लागली. दोन्ही फिल्मवर लोकांचे प्रेम सारखेच होते. एकीचा कारखाना व कारीगर शिल्लक होते, दुसरीचे नव्हते, एवढाच फरक.

पोलरॉइडची कथा याहून बोलकी आहे. हॉलंडमधील एन्शेडे येथील तिचा शेवटचा कारखाना २००८ साली बंद पडला आणि मशीन भंगारात निघणार होती. कारखान्याचे व्यवस्थापक आंद्रे बॉसमन आणि ऑस्ट्रियाचे फ्लोरियन काप्स यांनी मिळून ती वाचवली. जुन्या कामगारांपैकी मोजके लोक सोबत घेतले. मशीन होती, माणसे होती, परंतु रसायने व अर्धा तयार माल पुरविणारे कारखाने आधीच बंद झाले होते. कृती पहिल्यापासून शोधावी लागली. २०१० साली पहिली फिल्म विक्रीस आली, तेव्हा तिचा भरवसा नसे. फोटो बाहेर येताच उजेडापासून झाकावा लागे, रंग फिके येत. पोलरॉइड जे काम मिनिटांत करीत असे त्याला कितीतरी जास्त वेळ लागे. लोकांनी पैसे देऊन ते सब्र केले म्हणून हा धंदा टिकला. २०१७ साली पोलरॉइड हे नावही याच मंडळींच्या गटाकडे आले. एक कारखाना दोन वर्षे बंद राहिल्याची किंमत अशी वर्षानुवर्षे मोजावी लागली.

फुजीलाही हाच अनुभव आला. तिने आपली शेवटची काळी-पांढरी फिल्म बंद करण्याचे २०१८ साली जाहीर केले. गिऱ्हाइकांनी मागणी लावून धरली तेव्हा कच्च्या मालाला पर्याय शोधून २०१९ साली ती नव्या रूपात आणावी लागली.

कोडॅक आणि फुजी : दोन हिशेब

याच फुजीने रोलच्या पडत्या काळात काय केले, हे आपल्या व्यापारी बांधवांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. तिच्याही पायाखालची जमीन तेवढीच सरकली होती. परंतु तिने ‘आपण रोल विकतो’ असा विचार न करता ‘आपल्याला काय येते’ असा विचार केला. पातळ थर चढवण्याचे कसब होते, त्यातून टीव्ही व संगणकाच्या पडद्यात लागणारी फिल्म केली. फोटोचा रंग उडू नये म्हणून केलेल्या संशोधनातून आणि जिलेटिनच्या ज्ञानातून २००६-०७ च्या सुमारास त्वचेची सौंदर्यप्रसाधने काढली. औषधांच्या धंद्यातही ती शिरली.

तिचा इन्स्टॅक्स हा झटपट फोटो देणारा कॅमेरा १९९८ सालचा. २००२ च्या सुमारास वर्षाला दहा लाख नग विकले जात होते, पुढे दोन-तीन वर्षांत विक्री लाखभरावर आली. अशा वेळी कोणत्याही मुनीमाने तो धंदा बंद करायचा सल्ला दिला असता. फुजीने मशीन चालू ठेवली. २०१८-१९ या वर्षात तिने एक कोटी कॅमेरे विकले. बाकीचा धंदा घर चालवीत होता, म्हणून पडत्या मालाला धरून ठेवणे परवडले. कोडॅकजवळ असा दुसरा आधार तेवढा मजबूत नव्हता.

कोडॅकची आजची स्थितीही शिकवण देणारी आहे. रोलची मागणी वाढल्यामुळे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये रॉचेस्टरचा फिल्म कारखाना काही आठवडे थांबवून त्यात सुधारणा करण्यात आली. ख्रिस्तोफर नोलन यांच्यासारखे दिग्दर्शक आजही फिल्मवर सिनेमा काढतात, २०२३ च्या ‘ओपेनहायमर’साठी कोडॅकने खास काळी-पांढरी मोठी फिल्म बनवली होती. २०१५ साली हॉलिवूडच्या स्टुडिओंनी कोडॅककडून फिल्म घेत राहण्याचे करार केले नसते, तर बहुधा साध्या कॅमेऱ्याचा रोलही वाचला नसता, कारण दोन्ही एकाच मशीनवर होतात. हे सर्व असूनही ऑगस्ट २०२५ मध्ये देणी भागविण्याबाबत शंका असल्याचा इशारा कंपनीला आपल्या हिशेबात द्यावा लागला. मागणी वाढली म्हणजे जुने कर्ज फिटले, असे होत नाही.

उटीचा कारखाना

आता आपल्या देशाकडे वळू. पुष्कळ तरुणांना ठाऊक नसेल, पण भारतात फोटो फिल्मचा मोठा सरकारी कारखाना होता. निलगिरीच्या डोंगरात उटी येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स या नावाने १९६० साली कंपनी स्थापन झाली आणि १९६७ साली उत्पादन सुरू झाले. फ्रान्सच्या बोशे कंपनीचे तांत्रिक साहाय्य होते. थंड, धूळरहित हवा या कामाला योग्य होती. ‘इंदु’ या नावाने काळी-पांढरी फिल्म, फोटोचा कागद, एक्स-रे फिल्म व सिनेमाची फिल्म तेथून देशभर जात असे. शाळेच्या ओळखपत्रावरचे, रेशनकार्डासाठीचे, निकाहाच्या दिवशीचे किती फोटो इंदुच्या कागदावर छापले गेले असतील, याची गणती नाही. त्याच काळात बडोद्याला आग्फा क्लिक थ्री हा बारा फोटोंचा साधा कॅमेरा तयार होई. मध्यमवर्गीय घरातला तो पहिला कॅमेरा असे.

पुढे लोकांची आवड रंगीत फोटोकडे गेली. आयात मोकळी झाली, नव्या एक्स-रे फिल्मच्या प्रकल्पासाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज चढत गेले आणि १९९० च्या दशकात कारखाना आजारी ठरला. २०१४ साली केंद्र सरकारने कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना मंजूर केली आणि प्रकरण संपल्यात जमा झाले. डिजिटलच्या लाटेने त्याला मारले असे म्हणता येत नाही, तो त्याआधीच खाटेवर होता.

परिणाम काय? आज मुंबईच्या बोरा बाजारात नव्या रोलची विचारणा होते, चोर बाजारात जुन्या कॅमेऱ्यांना चांगला भाव येतो, परंतु त्यात घालायचा रोल अमेरिका, इंग्लंड किंवा जपानच्या कंपन्यांचा. डॉलरचा भाव, आयात जकात आणि वाहतूक यांचा बोजा गिऱ्हाइकावर. त्यातच चांदी हा मुख्य कच्चा माल आणि २०२५ साली चांदीने भावाचे सारे जुने उच्चांक मोडले. एन्शेडेत जसे दहा-बारा जाणते लोक मशीनसोबत उरले होते, तसे उटीत कोणी धरून ठेवले नाही. आता कितीही ओढ वाटली तरी इंदुचा रोल मिळणार नाही.

व्यापाऱ्यांनी काय ध्यानात घ्यावे?

पहिली गोष्ट ही की, ओढीवर चालणारा बाजार लहान असतो. तो चढतो तसा उतरतोही. अलीकडे तरुणांमध्ये वीस वर्षांपूर्वीच्या स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यांचीच हौस निर्माण झाली आहे. उद्या आणखी कशाची होईल. म्हणून उधारीवर माल उचलून असा धंदा करू नये. रोलला तर मुदत असते आणि उन्हाळ्यात तो लवकर खराब होतो. आपल्याकडच्या गरमीत रोल फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. थोडा माल, रोखीचा व्यवहार आणि सोबत धुलाईची सोय, असे असेल तरच हा धंदा परवडेल. रोल विकणारे पुष्कळ होतील, नीट धुऊन देणारा दुर्मीळ आहे. खरी कमाई कारिगरीत आहे.

दुसरी गोष्ट, जुन्या स्टुडिओवाल्यांसाठी. ज्यांच्याकडे डार्करूमचे सामान, एन्लार्जर, ट्रे पडून आहेत आणि ज्यांच्या हाताला हे काम ठाऊक आहे, त्यांनी ते भंगारात देण्यापूर्वी चौकशी करावी. कॅमेरा दुरुस्त करणाऱ्यांना आज विचारणा आहे, पण शिकलेले हात कमी उरले आहेत. घरातील एखाद्या मुलाने हे हुन्नर घेतले तर ते वाया जाणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांसाठी. आमच्या बाजारपेठेतील एका स्टुडिओने दुकान मोडताना तीस-चाळीस वर्षांचे निगेटिव्ह भंगारवाल्याला दिले. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हमधून चांदी निघते, म्हणून ते किलोवर गेले. मोहल्ल्यातील कितीतरी बुजुर्गांचे एकमेव फोटो त्यात होते. काही ग्रॅम चांदीपायी जे गेले त्याची भरपाई कोणत्याही भावाने होणार नाही. आपल्या गावात असा स्टुडिओ बंद होत असेल, तर चार माणसांनी जाऊन निगेटिव्ह मागून घ्यावेत. एखादे वाचनालय किंवा शाळा ते ठेवू शकेल.

घरातील निगेटिव्ह कसे ठेवावेत, हेही सांगून ठेवतो. ओलावा हा त्यांचा शत्रू. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नयेत, कागदाच्या पाकिटात, कोरड्या व थंड कपाटात ठेवावेत. कोकणात व मुंबईत बुरशी लवकर धरते, तेथे अधिक जपावे. पेटी उघडल्यावर सिरक्यासारखा आंबट वास आला, तर पट्टा कुजू लागला आहे असे समजावे. ते निगेटिव्ह इतरांपासून वेगळे करून तातडीने स्कॅन करून घ्यावेत. रंगीत फोटो उन्हात लावू नयेत. त्यात चांदी नाही, केवळ रंग आहे आणि कोणताही रंग उन्हापुढे कायम टिकत नाही, हे कापडवाल्यांइतके कोणाला ठाऊक?

राहिला आपल्या धंद्याचा मुद्दा. हातमाग असो, हातछपाई असो, हिमरूची विणाई असो, जुन्या मालाची ओढ लोकांना आज ना उद्या लागते, हे रोलने सिद्ध केले आहे. पण ती लागेल त्या दिवशी माग खोललेला नसावा आणि विणणारा हात जिवंत असावा. फुजीने दुसऱ्या धंद्याच्या कमाईवर पडते मशीन चालू ठेवले. आपल्यापैकी ज्यांना परवडते, त्यांनी एखाद्या कारिगराला वर्षाकाठी थोडे का होईना, पण नियमित काम द्यावे. त्याला खैरात म्हणू नये आणि त्याच्याकडून फार नफ्याची अपेक्षाही ठेवू नये. बंद पडलेले पुन्हा उभारायला काय खर्च येतो, ते एन्शेडेवाल्यांना विचारावे. आणि उभारताच आले नाही तर काय होते, ते उटीत जाऊन पाहावे.